प्रश्न ठरायच्या आधी बोलवा

प्रति,
समाजकार्यातलं संशोधन आखणारे, मंजूर करणारे आणि त्याला निधी देणारे सर्वजण

विषय: सेवा घेणाऱ्यांना संशोधनात भागीदार करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी आपल्यापैकी कुणाला नावानं ओळखत नाही. आपल्याला मात्र मी कागदावर भेटले असेन. मी उत्तरदाती क्रमांक १७. वयाच्या नवव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी एका निवासी संस्थेत वाढले आणि त्या काळात आमच्यावर चार अभ्यास झाले. कुणाला प्रबंध पुरा करायचा होता, कुणाला अहवाल द्यायचा होता. चौथ्या अभ्यासाचा अहवाल बऱ्याच वर्षांनी माझ्या हाती लागला. त्यात मी एका वाक्यापुरती आहे: 'उत्तरदाती क्र. १७ हिने संस्थेतील वातावरणाबद्दल समाधान व्यक्त केले.'

ते समाधान कसं व्यक्त झालं ते सांगते. मुलाखत अधीक्षकबाईंच्या खोलीत होती. 'मी बाहेर थांबते, तुम्ही मोकळेपणानं बोला,' असं म्हणून बाई बाहेर गेल्या खऱ्या, पण दारावरच्या पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. चपलांमध्ये पाय होते. समोर बसलेली ताई चांगली होती. तिनं मला तिचं पेन बघायला दिलं, मग एकविसावा प्रश्न वाचला: 'कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबाबत तू कितपत समाधानी आहेस? खूप, बऱ्यापैकी, थोडी, अजिबात नाही.' मी चपलांकडे बघितलं आणि 'खूप' म्हणाले. तिनं चौकटीत खूण केली. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. प्रश्न तिला छापील मिळाला होता, खोली तिला देण्यात आली होती आणि त्या दिवशी अजून अकरा मुली उरकायच्या होत्या.

आता हे उकरून काढायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत वारं बदललंय. आंतरराष्ट्रीय समाजकार्य संघटनांनी २०१४ साली समाजकार्याची जी व्याख्या मंजूर केली, तिच्या सोबतच्या निवेदनात लोकांसाठी काम करण्यापेक्षा शक्य तितकं लोकांबरोबर काम करावं, असं स्पष्ट म्हटलंय. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली, तेव्हा तिच्या आखणीपासून शिकवण्यापर्यंत सेवा घेणाऱ्यांचा सहभाग सक्तीचा झाला. हळूहळू संशोधनाच्या अर्जांमध्येही 'सेवार्थींचा सहभाग' असा रकाना आला. रकाना आला की तो भरावा लागतो. भरायला माणसं लागतात. अशी मी दोन प्रकल्पांत 'सहसंशोधक' झाले. पहिल्यात नावापुरती, दुसऱ्यात खरोखरची. त्या दोहोंमधला फरक कशानं पडला, तेवढंच मला या पत्रात सांगायचंय.

आधी शब्दांचं थोडं. आम्हाला तुम्ही लाभार्थी म्हणता. लाभ झाला की नाही हे शोधायला अभ्यास काढता आणि त्याआधीच आमचं नाव लाभार्थी ठेवता! सेवार्थी हा शब्द पुस्तकी असला तरी त्यातल्या त्यात बरा. उत्तरदाता म्हणजे विचारलं तेवढंच बोलणारा. आणि हे सगळे मिळून 'नमुना'. आम्ही मुली यावर खूप हसायचो. 'आज नमुने गोळा करायला कोण येणार?' असं एकमेकींना विचारायचो, आणि आमच्यातली एक तर खरंच नमुना होती, ती मुद्दाम प्रत्येक प्रश्नाला 'सांगता येत नाही' म्हणायची. अहवालात तिची दखल नाही.

माझं म्हणणं हे: आम्हाला प्रश्न ठरायच्या आधी बोलवा. प्रश्न ठरल्यावर, आराखडा मंजूर झाल्यावर, निधीचा पहिला हप्ता आल्यावर बोलावलंत तर आमच्यासाठी उरतं काय? प्रश्नावलीतली भाषा सोपी करून देणं, मुलाखतीला माणसं जमवून देणं आणि समारंभात व्यासपीठावर बसणं. संशोधनात जे खरं ठरायचं असतं ते पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं. अडचण कशाला म्हणायचं, ती कुणाची मानायची, कुणाला विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, काय मोजायचं आणि काय मोजण्यासारखं नाही म्हणून सोडून द्यायचं. पुढची दोन वर्षं मग त्याच रुळांवरून गाडी जाते.

याचं मला सापडलेलं सगळ्यात चोख उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे १९८० च्या दशकात अपंग व्यक्तींचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं. वस्तू धरायला, पकडायला किंवा फिरवायला तुम्हाला त्रास होतो तो कोणत्या व्याधीमुळे, अशा धाटणीचे त्यात प्रश्न होते. मायकल ऑलिव्हर हे समाजशास्त्रज्ञ स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांनी १९९० मध्ये हेच प्रश्न उलटे फिरवून दाखवले: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या रचनेतल्या कोणत्या दोषांमुळे तुम्हाला ते धरायला त्रास होतो? दोन्ही प्रश्नांना तीच बाई, तेच हात पुढे करून उत्तर देणार. पहिल्या प्रश्नाचा निष्कर्ष तिला दवाखान्यात पाठवतो, दुसऱ्याचा बाटली बनवणाऱ्याला कामाला लावतो. आणि सर्वेक्षण करणारा दार ठोठावून असे प्रश्न लागोपाठ विचारत गेला, की घरात बसलेल्या माणसाची हळूहळू खात्री पटत जाते की बिघाड आपल्यातच आहे. ऑलिव्हर यांचा राग मुख्यतः यावर होता.

आमच्याकडे त्यातल्या पहिल्या प्रश्नाचा भाऊ आहे. 'संस्थेतून बाहेर पडलेल्या युवकांना समायोजनात येणाऱ्या अडचणी' हा विषय मी आजवर निदान तीन प्रस्तावांत वाचलाय. समायोजन करायचं कुणी, तर आम्ही. अडचणी कुणात शोधायच्या, तर आमच्यात: आत्मविश्वास कमी, संवादकौशल्य कमी, निर्णयक्षमता कमी. मला आधी विचारलं असतं तर मी वेगळं सुचवलं असतं. अठराव्या वर्षी संस्थेच्या दाराबाहेर पडताना मुलाच्या हातात कोणती कागदपत्रं दिली जातात, कोणती कपाटातच राहतात, आणि ती परत मागायला गेल्यावर किती खेपा पडतात, ते मोजा. माझं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र मिळायला मला सात खेपा पडल्या. त्या सातही खेपांमध्ये माझं संवादकौशल्य उत्तम होतं.

आता पहिल्या प्रकल्पाबद्दल. निधी मंजूर झाल्यावर साधारण महिनाभरानं फोन आला. सल्लागार गटात सेवार्थींचा प्रतिनिधी हवा होता. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे मला रजा टाकावी लागली. चाळीस पानांचा आराखडा आदल्या रात्री मोबाईलवर आला. बैठकीत सगळे एकमेकांना ओळखत होते, निम्मी वाक्यं आद्याक्षरांत चालली होती आणि संपायला पाच मिनिटं असताना अध्यक्ष माझ्याकडे वळून प्रेमानं म्हणाले, 'तुमचं काय मत?' मी म्हणाले, 'छान आहे.' घरी येताना मला एकदम त्या पडद्याखालच्या चपला आठवल्या. खोली वेगळी, माणसं भली, कुणी पडद्याआड नाही, आणि माझं उत्तर तेच. अहवालात पुढे वाक्य आलं: 'आराखड्याबाबत सेवार्थींशी विचारविनिमय करण्यात आला.' दुसऱ्यांदा एका वाक्यापुरती!

शेरी आर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. विषय शहरांच्या नियोजनाचा होता, पण आपल्या क्षेत्राला ती अंगाबरोबर शिवल्यासारखी बसते. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. पहिली म्हणजे लोकांना हातोहात वळवून घेणं आणि दुसरी चक्क 'उपचार', म्हणजे सहभागाच्या नावाखाली माणसालाच सुधारत बसणं. (समाजकार्यवाल्यांनी या दुसऱ्या पायरीवर जरा थांबावं, असं मला वाटतं.) मग माहिती देणं, मत विचारणं, समजूत घालणं या तीन पायऱ्या येतात. त्यांना त्या दिखाऊ म्हणतात. भागीदारी थेट सहाव्या पायरीवर आहे. तिच्याही वर सोपवलेला अधिकार आणि सगळ्यात वर लोकांचा ताबा. माझा पहिला प्रकल्प फार तर चौथ्या पायरीवर होता. चौथ्या पायरीची लाज वाटायचं कारण नाही. कधीकधी वेळ नसतो, पैसे नसतात, विषयच तसा असतो. मग सरळ लिहावं की आम्ही मत विचारलं, यातलं एवढं घेतलं, एवढं घेतलं नाही. चौथीवर उभं राहून सहावीचा पत्ता सांगू नये, इतकंच.

दुसऱ्या प्रकल्पात मुख्य संशोधक आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याकडे प्रस्ताव नव्हता. एक विषय होता, तोही धूसर: संस्थांमधल्या मुलांची सुरक्षितता. आम्ही संस्थांमध्ये वाढलेल्या चौघीजणी आणि त्या दोघी संशोधक. संध्याकाळी साडेसहाला भेटायचो. त्यांनी सोबत आणलेल्या तयार मापनश्रेणीत, म्हणजे मोजमापासाठीच्या ठरावीक प्रश्नांच्या संचात, एक प्रश्न होता: 'तुला इथे सुरक्षित वाटतं का?' आम्ही म्हटलं, याला सगळे हो म्हणतील. त्या म्हणाल्या, मग काय विचारायचं? बराच वेळ कुणाला सुचेना. आमच्यात एकजण होती, दोन बैठकांत तोंड उघडलं नव्हतं तिनं. ती खाली बघत म्हणाली, 'रात्री संडासला जायचं असेल तर कुणाला उठवायचीस, ते विचारा.'

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही आणि मग आम्ही तिघी एकदम बोलायला लागलो. बहुतेकींचं कुणीतरी ठरलेलं होतं. माझी पलीकडच्या खाटेवरची मैत्रीण होती, तिला उठवायचं म्हणजे आधी पायाचा अंगठा ओढायचा. एकीचं कुणीच नव्हतं, ती सकाळपर्यंत थांबायची. दोघी संशोधक लिहून घ्यायच्या विसरल्या.

पुढे चाचणी म्हणून दोन्ही प्रश्न विचारून पाहिले. पहिल्याला एकजात 'हो'. दुसऱ्याला मुलं नावं सांगायला लागली, रस्ता सांगायला लागली, कुठला दिवा बंद असतो, कुठल्या वळणावरून पळत जायचं, कोणत्या रात्रपाळीला कुणी पाणीच पीत नाही. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता. तो विचारायला जे ठाऊक असावं लागतं ते त्या खाटांवर झोपूनच ठाऊक होतं. पण हेही लक्षात घ्या की तो तिसऱ्या बैठकीत आला. पहिल्या दोन बैठकांत आम्ही भिंतीकडे बघत बसलो होतो, आणि त्या दोन बैठकांचाही खर्च मंजूर झालेला होता.

दुसरी गंमत विश्लेषणाच्या वेळी झाली. मुलाखतींची लिखित रूपं समोर पसरून आम्ही एकेका वाक्याला नाव देत होतो. 'आमचं काय, सगळं ठीकच आहे' या वाक्यासमोर धाकट्या संशोधकेनं 'समाधान' लिहिलं होतं. आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे वाक्य आम्हाला शिकवलेलं असायचं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रांगेत उभं करून शिकवलेलं. आम्ही त्याला नवं नाव दिलं: पाहुण्यांसाठीचं उत्तर. मग मागे जाऊन आधीची 'समाधानं' पुन्हा वाचली. काही तिकडे गेली, काही जागेवर राहिली. एका मुलाच्या मुलाखतीवरून पूर्ण दुपार वाद झाला. माझ्या मते तो पाठ केलेलं बोलत होता, बाकीच्यांच्या मते त्याला खरंच तिथं बरं वाटत होतं. मिटलं नाही. अहवालात दोन्ही वाचनं शेजारी शेजारी छापली.

विश्लेषणाच्या टेबलावर कोण बसलंय यानं निष्कर्ष बदलतो, हे मी काही पहिली सांगत नाही. मेंदूला विजेचे झटके देऊन केल्या जाणाऱ्या मानसोपचाराबद्दल रुग्णांना काय वाटतं, याच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तो करणाऱ्या लंडनच्या गटात स्वतः मानसिक आरोग्यसेवा घेतलेले संशोधक होते. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत उपचारांचा फायदा झाला म्हणणारे रुग्ण जास्त होते. रुग्णांनी स्वतः किंवा त्यांच्या सहकार्यानं केलेल्या अभ्यासांत कमी. आणि निदान एक तृतीयांश रुग्णांनी आठवणी पुसल्या गेल्याचा त्रास टिकून राहिल्याचं सांगितलं होतं. ज्याच्या हातात उपचार आहे त्यानंच, त्याच इमारतीत, उपचारानंतर लगेच विचारलं तर माणूस काय बोलणार? तिथेही पडदा होता आणि पडद्याखाली चपला होत्या, एवढंच मी म्हणेन.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

एक, 'तुम्ही सगळ्यांच्या प्रतिनिधी कशा?' नाहीच मुळी. मी धडपणे बोलते, लिहिते, मला नोकरी आहे, म्हणून तुम्हाला मी सापडले. आमच्याबरोबरच्या ज्या मुली वाईट अवस्थेत बाहेर पडल्या त्या तुमच्या यादीत कधीच येत नाहीत, त्यांचे पत्तेही नाहीत. म्हणून तर एकीला बोलावून मोकळं होऊ नका. चार-पाचजणी बोलवा, त्यांतली निदान एक अशी असू द्या की जी तुम्हाला अवघड जाईल. आणि न सापडणाऱ्यांपर्यंत पोचायची वाट आम्हाला विचारा, कधीकधी ठाऊक असते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: सेवा घेणारे स्वतःच संशोधनात आले तर निःपक्षपातीपणा राहील का? याला उत्तर म्हणून मी इंग्लंडमधल्या ल कोर्ट या निवासगृहाची गोष्ट सांगते. १९६० च्या दशकात तिथल्या अपंग रहिवाशांनी, आपल्या रोजच्या जगण्यातले निर्णय आपल्या हातात असावेत म्हणून व्यवस्थापनाशी झगडा मांडला होता. संशोधनानं आपली बाजू पुढे येईल या आशेनं त्यांनीच लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांना बोलावलं. तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंकडे समतोल नजरेनं पाहिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापला. त्याचा आशय असा की अशा गृहांत येणारी माणसं समाजाच्या लेखी मेलेलीच असतात, आणि हा सामाजिक मृत्यू व शरीराचा मृत्यू यांच्यामधला काळ त्यांना पार करून देणं हे संस्थेचं काम. एकेकाळचे तिथले रहिवासी पॉल हंट यांनी पुढे या संशोधकांना बांडगुळं म्हटलं. भाषा कडक आहे, पण ज्यांनी बोलावलं त्यांनाच मेलेलं ठरवल्यावर दुसरी कुठली सुचणार? हंट यांनी त्याच १९७२ मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहून अपंगांनी आपली संघटना उभारावी, अशी हाक दिली. अपंगत्व शरीरात कमी आणि समाजाच्या मांडणीत जास्त असतं, हा विचार त्या संघटनेतून पुढे आला. आज तो तुमच्या अभ्यासक्रमात आहे. म्हणजे समतोल नजरेला जे दिसलं नाही ते पक्षपाती माणसांनी दाखवलं.

तरी हा आक्षेप मी पूर्ण उडवून लावत नाही, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. दुसऱ्या प्रकल्पात एका मुलीची मुलाखत मी घेतली. ती म्हणाली, आमच्या अधीक्षकबाई मला आईसारख्या आहेत. मी विचारलं, 'नक्की?' थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती गप्प झाली. लिखित रूप वाचताना मुख्य संशोधकांनी तिन्ही 'नक्की' अधोरेखित करून कागद माझ्यापुढे सरकवला, बोलल्या काही नाहीत. मला माझ्या बाईंच्या चपला दिसत होत्या, त्या मुलीच्या खोलीत त्या नव्हत्याच. स्वतः भोगलेलं असणं हे ज्ञान आहे, पण ते झापडंही लावतं. म्हणून आम्हाला प्रशिक्षण द्या. मुलाखत कशी घ्यायची, कुठे थांबायचं, ओळखीचं कुणी समोर आलं तर काय करायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण आमचं जग लहान असतं. तिसऱ्याच मुलाखतीत मला माझ्या जुन्या मैत्रिणीच्या भावाची गोष्ट ऐकू आली होती आणि ती पोटात ठेवून मला त्या मैत्रिणीला भेटावं लागलं. अशा वेळी बोलायला कुणीतरी हवं असतं, आणि ते प्रस्तावातच लिहिलेलं हवं.

संशोधन नीतीला धरून आहे ना, हे तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना एक सांगायचंय. दुसरा प्रकल्प समितीपुढे गेला तेव्हा आम्ही चौघी 'असुरक्षित घटक' आहोत, मुलाखती घेताना आमच्या जुन्या जखमा उघड्या पडतील, अशी चिंता व्यक्त झाली. चिंता रास्त होती, आधाराची व्यवस्था करायला लावली तेही बरं झालं. पण मला राहून राहून वाटलं, मी नऊ-दहा वर्षांची असताना अनोळखी माणसं येऊन 'तुला आईची आठवण येते का?' विचारून जायची, तेव्हा ही समिती कुठे होती? त्या चारही अभ्यासांच्या संमतीपत्रांवर सही अधीक्षकबाईंची होती. आम्ही प्रश्न विचारले जाण्याजोग्या होतो, पण संमती देण्याजोग्या नव्हतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांची ये-जा सोसल्यावर २०१७ मध्ये स्वतःचीच आचारसंहिता जाहीर केली: आमच्यात यायचं तर आदरानं, प्रामाणिकपणे, न्यायानं आणि काळजीनं या, आणि आमच्या रीतीनं परवानगी घ्या. प्रश्नावली घेऊन येणाऱ्यानं आधी आमचा कागद वाचावा, ही कल्पना मला फार आवडली. आपल्या समित्यांवर संस्थेत वाढलेलं, व्यसनमुक्ती केंद्रात राहिलेलं, निवाऱ्यात रात्री काढलेलं कुणी सदस्य म्हणून आहे का, एवढं तपासून पाहावं.

पैशाचं लिहायला संकोच वाटतो, म्हणूनच लिहिते. पहिल्या प्रकल्पात मला प्रवासभत्ता मिळाला, तोही बैठकीनंतर चार महिन्यांनी, तिकीट जोडून. टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना तो दिवस पगारी होता. दुसऱ्या प्रकल्पात तासांवर मानधन होतं, त्याच दिवशी. रोजंदारीवर जाणारी आमच्यातली एकजण केवळ त्यामुळे शेवटपर्यंत टिकली. एखाद्याला सरकारी मदत मिळत असेल तर हे मानधन उत्पन्नात धरलं जाऊन मदत तुटणार नाही ना, हे आधी बघा, नंतर निस्तरत बसू नका. बैठकीची वेळ, मूल सांभाळायला कोण, कागद किती दिवस आधी, हे सगळं क्षुल्लक वाटतं. भागीदारी इथेच मोडते.

नावाचंही तसंच. ऋणनिर्देशात 'अमूल्य वेळ देणाऱ्या सर्व उत्तरदात्यांचे आभार' हे वाक्य वाचून वाचून पाठ झालंय. ज्यांनी प्रश्न घडवला, मुलाखती घेतल्या, अर्थ लावला, त्यांची नावं मुखपृष्ठावर असावीत. काहींना नको असतील, नाव उघड होण्याची त्यांची भीती खरी असते. विचारा आणि म्हणतील तसं करा. आणि अहवाल छापून झाला की एक प्रत ज्यांच्यावर लिहिलाय त्यांच्याकडे जाऊ द्या. मला माझी कुणी पाठवली नव्हती, योगायोगानं मिळाली.

मी काही प्रत्येक संशोधनात आम्हाला अर्ध्या खुर्च्या द्या म्हणत नाही. नोंदवह्यांतल्या आकड्यांचं प्रतिगमन विश्लेषण, म्हणजे कशाचा कशाशी किती संबंध आहे त्याचं गणित, करायचं असेल तर खुशाल करा, मला ते शिकायचं नाही, कृपया शिकवूही नका. पण त्या नोंदवहीतला कुठला रकाना नेहमी कोरा असतो आणि तो का कोरा असतो, हे मी सांगू शकते, आणि ते कळल्यावर तुमचं विश्लेषण कदाचित वेगळं होईल.

तर पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा, पहिलं पान कोरं असतानाच निरोप पाठवा. संध्याकाळी सहानंतरची वेळ असेल तर बरं, दिवसभर मला काम असतं. मी एकटी येणार नाही, तिघी-चौघी येऊ. पहिल्या दोन बैठकांत आम्ही फारसं बोललो नाही तर बैठका बंद करू नका.

कळावे,
आपली,
उत्तरदाती क्र. १७

ता. क. एकविसाव्या प्रश्नाचं माझं उत्तर मला बदलायचं आहे. ते कुणाकडे कळवायचं असतं?